बोटीवरचा ऑक्सिजन आणि प्रोफेसर हॉल्डेन



सगळ्यात आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी आमच्याकडे थर्ड लँग्वेज, तेही आठवीपर्यंतच. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मराठी विभागाच्या संपादिकेला धरा. ती माझी रूममेट आहे, आणि लेख दिला नाहीस तर रात्री माझ्या किटलीत मॅगी करायची नाही ही धमकी तिचीच. चरित्र लिही म्हणाली, कुणाचं ते तुझं तू ठरव. मग मी ठरवलं. पण ते कसं ठरलं, हे सांगायला आधी मालवणच्या बोटीवर जावं लागेल.

गेल्या डिसेंबरमध्ये शेवटचा पेपर झाला, सगळे बॅगा भरून घरी पळाले आणि मी मालवणला गेले, स्कूबाचा रेस्क्यू डाइव्हर कोर्स करायला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्कूबामध्ये पहिला कोर्स ओपन वॉटर, दुसरा अ‍ॅडव्हान्स्ड. या दोन्हींत आपण फक्त स्वतःला सांभाळायला शिकतो. तिसरा रेस्क्यू. इथे पहिल्यांदा दुसऱ्याकडे बघायला शिकवतात. दमलेल्याला ओढत कसं आणायचं, तळाशी बेशुद्ध पडलेल्याला वर कसं काढायचं, हरवलेल्याला कसं शोधायचं, पाण्यातच कृत्रिम श्वास कसा द्यायचा वगैरे.

तिसऱ्या दिवशी आमच्या सरांनी घाबरलेल्या डाइव्हरचं सोंग घेतलं. हात आपटतायत, मास्क फेकून दिलाय, ओरडतायत. मी आपली सरळ पोहत त्यांच्याकडे! पुढच्या दोन सेकंदांत ते माझ्या खांद्यावर चढले आणि मी पाण्याखाली. नियम मला पाठ होता. आधी तरंगणारी वस्तू फेका, हाताच्या अंतराबाहेर थांबा, बोला, जवळ जायचंच असेल तर मागून जा. लेखी परीक्षेत तो मी व्यवस्थित लिहिला होता. पाण्यात मात्र सगळं विसरले. वर आल्यावर सरांनी शांतपणे सांगितलं की आता या समुद्रात एक नाही, दोन बॉडी आहेत.

दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग मी नीट केला. पास झाले. पण परतताना बोटीवर सरांनी एक प्रश्न टाकला. समजा, तुझी मैत्रीण खोलवरून फार वेगात वर आली. सांधे दुखतायत, हातपाय बधिर होतायत, म्हणजे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झालेत. चेंबर असलेलं हॉस्पिटल तासन्‌तास दूर आहे. बोटीवर शुद्ध ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. तो तिला लावून परत 10 मीटर खाली नेशील का?

मी क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. मला तर मी जीनियसच वाटले. खाली दाब जास्त, म्हणजे बुडबुडे दबून लहान होणार. ऑक्सिजनमुळे नायट्रोजन बाहेर निघणार. एका दगडात दोन पक्षी!

सर म्हणाले, मैत्रीण गेली. का, ते हॉल्डेनला विचार.

मी हॉस्टेलवर आले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. त्यात दुसरा प्रश्न म्हणजे आता पुढे काय? दोन वर्षं नववी-दहावीच्या मुलांच्या ट्यूशन घेऊन जे साठवलं होतं, त्यात अजून फक्त एकच कोर्स बसत होता. ग्रुपमधल्या सगळ्यांचं एकच, डाइव्हमास्टर कर. नाव मोठं, रुबाब मोठा. मग मी लायब्ररीत बसून हॉल्डेन शोधायला लागले, आणि एक नाही, दोन सापडले. बाप आणि मुलगा.

वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे ऑक्सफर्डचे शरीरशास्त्रज्ञ. माणूस श्वास कसा घेतो आणि वाईट हवेत कसा मरतो, हा त्यांचा विषय. कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून कॅनरी पक्षी न्यावेत, ही सूचना त्यांचीच. मुलगा जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन, घरातला जॅक, 5 नोव्हेंबर 1892 रोजी ऑक्सफर्डला जन्मला. वडिलांची प्रयोगशाळा घरातच होती आणि हा पोरगा लहानपणापासून तिथला मदतनीस.

एकदा वडिलांनी त्याला खाणीत नेलं आणि एका जागी उभं राहून शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझरमधलं अँटनीचं भाषण म्हणायला सांगितलं. (आम्हाला हे नाटक दहावीला होतं. मी ते भाषण वर्गात म्हणताना फक्त लाजेने कोसळले होते!) जॅक थोडं बोलला, धापा टाकू लागला आणि खाली कोसळला. खाली पडल्यावर मात्र त्याला नीट श्वास घेता आला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताकडे जमतो, हा धडा त्याला फळ्यावरून मिळाला नाही. आज कुणी पालक असं करेल तर त्यांच्यावर केसच होईल, पण जॅक तो धडा आयुष्यभर विसरला नाही.

1905 च्या सुमारास ब्रिटिश नौदलाने वडिलांवर एक काम सोपवलं. पाणबुडे खोलवरून वर आले की कधी लुळे पडत, कधी मरत. का? आपल्याला बारावीच्या केमिस्ट्रीत हेन्रीचा नियम होता, आठवतोय? दाब वाढला की द्रवात वायू जास्त विरघळतो. दर 10 मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे 30 मीटरवर चौपट दाब, आणि शरीरात हळूहळू चौपट नायट्रोजन. एकदम वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं.

हॉल्डेननी शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवून प्रयोग केले. शेळीला त्रास झाला की ती पाय दुमडून उचलून धरते, त्यामुळे लगेच कळायचं. त्यांनी मानलं की शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाहीत. म्हणून त्यांनी 5 कप्पे कल्पिले. त्यांचे अर्धकाल 5, 10, 20, 40 आणि 75 मिनिटं. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? वेगवेगळ्या टाइम कॉन्स्टंटचे 5 आर-सी सर्किट एकाच व्होल्टेजला जोडले की जे होईल तेच हे! कुणी पटकन चार्ज होतो, कुणी सावकाश. दाब निम्मा होईपर्यंत वर येणं चालतं, त्यापुढे टप्प्याटप्प्याने थांबत यायचं, हा त्यांचा हिशोब. 1908 साली बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासोबत त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्यातले आकडे पुढे सुधारले गेले, पण आपल्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आजही कप्पे आणि अर्धकाल हेच गणित करतो.

1906 साली स्कॉटलंडच्या समुद्रात या सिद्धांताची माणसांवर चाचणी झाली. तेव्हा 13 वर्षांच्या जॅकलाही वडिलांनी पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली सोडलं. पोशाख मोठ्या माणसाचा. त्यात पाणी शिरत गेलं आणि वर काढला तेव्हा ते गळ्यापर्यंत आलं होतं म्हणतात. माझा ओपन वॉटरचा पहिला दिवस आठवला. मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरलं तर मी वर पळायला निघाले होते.

जॅक ईटनला आणि मग ऑक्सफर्डला शिकला. आता गंमत ऐका. पुढे जगप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ झालेल्या या माणसाकडे विज्ञानाची पदवी नव्हती! पदव्या गणित आणि ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्याच्या. (ब्रँच चुकली म्हणून रडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) 1914 ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीत अधिकारी झाले. 1915 मध्ये जर्मनांनी क्लोरीन सोडल्यावर वडिलांना फ्रान्सला बोलावलं गेलं आणि वडिलांनी मुलाला. दोघं क्लोरीन भरलेल्या खोलीत कधी मास्क लावून, कधी न लावता उभे राहिले. कोणता मास्क चालतो आणि माणूस किती वेळ काम करू शकतो, हे त्यांना स्वतःच्या फुप्फुसांवरून मोजायचं होतं. त्याच वर्षी ते आघाडीवर जखमी झाले, पुढे मेसोपोटेमियात पुन्हा जखमी झाले आणि बरं होण्यासाठी भारतात आले. गोरा साहेब म्हणून इथे राहणं त्यांना आवडलं नाही. भारतीयांशी बरोबरीच्या नात्याने राहता येईल तेव्हाच परत यायचं, असं त्यांनी ठरवलं.

युद्धानंतर ते केंब्रिजला आणि 1933 पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. उत्क्रांतीला गणिताच्या भाषेत मांडणाऱ्या तीन मोठ्या माणसांत फिशर आणि राइट यांच्यासोबत हॉल्डेन यांचं नाव घेतात. ते सगळं लिहायचं तर मासिकाची पानं पुरणार नाहीत. मला त्यांचं 1939 साल सांगायचंय.

1 जून 1939. थेटिस नावाची नवीकोरी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी निघाली. नेहमी 53 जणांची, पण त्या दिवशी जहाजबांधणीचे कामगार, इंजिनिअर वगैरे धरून 103 माणसं आत होती. पुढच्या टॉर्पेडो नळ्यांमध्ये पाणी आहे का, हे बघायला मागच्या दारावर एक छोटा टेस्ट कॉक असतो. तो उघडल्यावर पाणी आलं तर नळी भरलेली आहे असं समजायचं. 5 नंबरच्या नळीचा कॉक उघडला, पाणी आलं नाही. दार उघडलं, आणि समुद्रच आत आला. नळीचं बाहेरचं झाकण उघडं होतं. पाणी का आलं नव्हतं? कॉकचं बारीक भोक रंगाने बुजलं होतं. एनॅमल पेंट! वर्कशॉपच्या जॉबला फिनिशिंगसाठी घाईत रंग मारणाऱ्या आपल्यासारख्यांनी इथे जरा थांबून विचार करावा.

पाणबुडीचं नाक सुमारे 150 फुटांवर तळात रुतलं, शेपूट पाण्याबाहेर दिसत होतं. तरी 103 पैकी फक्त 4 जण जिवंत बाहेर आले. 99 गेले. दुप्पट माणसं, म्हणजे दुप्पट श्वास आणि दुप्पट वेगाने साठणारा कार्बन डायऑक्साइड. सुटकेचं साधन त्यांच्याजवळ होतं, पण ते वापरायच्या अवस्थेत किती जण उरले होते, हाच प्रश्न होता.

मेलेल्यांत बरेच कामगार होते. त्यांच्या संघटनांनी चौकशीसाठी तज्ज्ञ म्हणून हॉल्डेन यांना बोलावलं. त्यांनी नुसतं मत दिलं नाही. चार स्वयंसेवकांना घेऊन ते एका छोट्या पोलादी टाकीत जाऊन बसले आणि दार बंद करायला लावलं. 14 तासांहून जास्त वेळ. हवा बिघडत गेली तशी धाप लागणं, डोकं दुखणं, साधं काम करताना होणारा गोंधळ, सगळं त्यांनी नोंदवलं. हे वाचताना मला तिसरा दिवस आठवला. घाबरलेला डाइव्हर उथळ, भराभर श्वास घेतो. त्याने कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, आणि तो साठला की भीती अजून वाढते. म्हणजे समोरचा माणूस वेडा नसतो किंवा भित्रा नसतो, त्याच्या रक्तात काहीतरी चाललेलं असतं. आणि त्याच्याकडे जिवाच्या आकांताने पोहत जाणाऱ्या माझ्याही रक्तात तेच चाललेलं होतं!

आता आला सरांचा प्रश्न. पाणबुडीतून सुटायच्या त्या साधनात शुद्ध ऑक्सिजन असायचा. प्राणवायूच तो, जास्त मिळाला तर चांगलंच, असं आपल्याला वाटतं. हॉल्डेन यांनी नौदलासाठी हे तपासायला घेतलं. त्यांच्यासोबत टाकीत शिरणाऱ्यांत त्यांच्या सहकारी आणि पुढे पत्नी झालेल्या हेलन स्परवे होत्या, आणि स्पेनचे माजी पंतप्रधान ह्वान नेग्रिनसुद्धा! जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की काही मिनिटांत ओठ, चेहरा फडफडू लागे आणि मग फिट येई. हॉल्डेन यांना आलेल्या एका झटक्यात मणक्यांना इजा झाली आणि पाठदुखी कायमची मागे लागली. दाबाच्या बदलांनी कानाचे पडदे फाटले. त्याचीही ते गंमत करायचे की आता कानातून सिगारेटचा धूर सोडता येतो. पुढे युद्धकाळात नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी शेकडो चाचण्या केल्या, तेव्हा दिसलं की एकाच माणसाची सहनशक्तीसुद्धा रोज सारखी नसते. काल झेपलं म्हणून आज झेपेलच, असं नाही.

म्हणजे माझं उत्तर का चुकलं, ते बघा. 10 मीटरवर एकूण दाब 2 वातावरण. शुद्ध ऑक्सिजन म्हणजे ऑक्सिजनचा दाबही 2. आज डाइव्हर लोक साधारण 1.4 ची मर्यादा पाळतात, आणि 1.6 च्या वर तर जातच नाहीत. शुद्ध ऑक्सिजनसाठी हे 1.6 फक्त 6 मीटरवरच येतं! मैत्रिणीला खाली फिट आली असती, तोंडातून रेग्युलेटर सुटला असता आणि ती बुडाली असती. मी, रेस्क्यू पास झालेली, तिला माझ्या हाताने खाली नेलं असतं. तोच ऑक्सिजन बोटीवर, आडवं झोपवून दिला असता तर तो औषध होता.

1957 साली हॉल्डेन लंडन सोडून भारतात आले, हेलनसोबत. सुएझवर ब्रिटनने केलेला हल्ला त्यांना मान्य नव्हता, हे एक कारण त्यांनी जाहीर केलं. महालनोबीस यांच्या बोलावण्यावरून ते कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले, पुढे भुवनेश्वरला गेले. कुर्ता घालायचे, मांसाहार सोडला, भारताचं नागरिकत्व घेतलं. तरुणपणी मनाशी ठरवलेलं त्यांनी चाळीस वर्षांनी खरं केलं. 1 डिसेंबर 1964 रोजी कॅन्सरने भुवनेश्वरलाच त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी दिला गेला. जन्मभर ज्या शरीरावर प्रयोग केले, ते शेवटी मुलांना शिकायला देऊन टाकलं.

मी त्यांना देव करत नाहीये हं. ते कम्युनिस्ट होते, आणि रशियात लायसेंकोने अनुवंशशास्त्राची वाट लावली तेव्हा स्पष्ट बोलायला त्यांनी फार उशीर केला. आणि स्वतःच्या जिवाशी असा खेळ आपण अजिबात करू नये. उलट त्यांनी केला म्हणून आपल्याला करावा लागत नाही. तो तक्ता, ती 1.4 ची रेघ, त्यामागे शेळ्या आहेत, फाटलेले कानाचे पडदे आहेत आणि थेटिसचे 99 जण आहेत.

मला एवढंच कळलं की मदत करायची इच्छा आणि मदत करता येणं यात फार अंतर आहे. तिसऱ्या दिवशी माझी इच्छा शंभर टक्के होती. बोटीवर सरांना हो म्हणताना पण होती. दोन्ही वेळा मी कुणाला तरी मारलं असतं.

म्हणून पुढचा कोर्स ठरला. डाइव्हमास्टर नाही. आमच्या संस्थेत तो सुरू करायलाच 40 डाइव्ह लागतात आणि संपवायला 60. माझे झालेत 31. ते होतील तेव्हा होतील. आत्ता मी नायट्रॉक्स करतेय. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा, बहुतेक वेळा 32 टक्के. नायट्रोजन कमी, म्हणून खाली थोडा जास्त वेळ मिळतो. पण ऑक्सिजन जास्त, म्हणून खोलीला मर्यादा येते. 1.4 भागिले 0.32 करा, 4.375 वातावरण येईल, म्हणजे जेमतेम 33 मीटर. प्रत्येक सिलिंडर स्वतः मीटर लावून तपासायचा, आकडा स्वतः लिहायचा आणि सही करायची. दुसऱ्याने मोजलंय म्हणून चालत नाही. टेस्ट कॉकमधून पाणी आलं नाही म्हणून चालत नाही, तसंच.

ग्रुपमधले हसले. दोन दिवसांचा कोर्स, त्यात रुबाब काय? बाबांना फोन केला तर त्यांना आधी पैसे वाचले याचाच आनंद झाला. उरलेल्या पैशात इमर्जन्सी ऑक्सिजन देण्याचा छोटा कोर्स पण बसतोय, तोही करणार आहे. पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद होतो, त्याआधी दोन्ही उरकायचेत.

सरांना कळवलं. त्यांनी परत तोच प्रश्न विचारला. मैत्रीण, सांधेदुखी, सिलिंडर, नेशील का खाली?

या वेळी मी आधी विचारलं, सर, सिलिंडरमध्ये किती टक्के आहे आणि खोली किती? मग नाही म्हटलं. बोटीवर आडवी झोपवेन, ऑक्सिजन तिथेच लावेन आणि फोन करेन. सर काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. व्हायव्हामध्ये इतके मार्क मला कधीच मिळाले नव्हते.